हात लावला की कुत्रा गुरगुरतो, दम द्यावा का?

पत्र: आमचा ब्रुनो साडेपाच वर्षांचा लॅब्रेडॉर आहे. लहानपणापासून लाडावलेला, कुणीही कुरवाळावं असा. गेले दोन-तीन महिने मात्र अंगाला हात लावला की गुरगुरतो. कमरेकडे हात गेला तर हमखास, आणि झोपेतून उठवलं तर विचारूच नका. गळपट्टा धरून सोफ्यावरून उतरवायला गेलं तर दात दाखवतो. अजून कुणाला चावलेला नाही. माझ्या यजमानांचं म्हणणं, गुरगुरला की तिथल्या तिथे दम भरायचा, नाहीतर डोक्यावर बसेल. घरात सात वर्षांची मुलगी आहे आणि तिला त्याच्या गळ्यात पडायची सवय आहे. मला आता भीती वाटायला लागली आहे. काय करावं?

उत्तर: तुमची भीती रास्त आहे. पण तुमच्या पत्रातली सगळ्यात दिलासा देणारी गोष्टही त्यातच आहे: ब्रुनो चावत नाही, सांगतोय. त्याचं हे सांगणं चालू राहायला हवं. म्हणून आजपासूनच त्याला गुरगुरण्याबद्दल रागावणं पूर्ण बंद करा. घरातल्या सगळ्यांनी.

दम दिल्यावर आवाज थांबतो, त्यामुळे उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. प्रत्यक्षात थांबतो तो फक्त आवाज. हात नकोसा वाटण्याचं कारण जिथल्या तिथे राहतं, आणि त्यात भर पडते ती ओरडा खाण्याची. हात आला की दुखतं आणि वर माणूस चिडतं, असं दुहेरी गणित कुत्र्याच्या डोक्यात बसतं. ‘काही न सांगता अचानक चावला’ असं ज्यांच्याबद्दल म्हटलं जातं, त्यातल्या बऱ्याच कुत्र्यांनी आधी पुष्कळदा सांगितलेलं असतं आणि दर वेळी त्यांना गप्प केलेलं असतं.

यजमानांनी मांडलेला डोक्यावर बसण्याचा मुद्दा बहुतेक घरांत निघतो, त्यामुळे त्याबद्दल थोडं. कळपात एक म्होरक्या असतो आणि तो बाकीच्यांना दाबून ठेवतो, ही समजूत मुख्यतः बंदिस्त लांडग्यांच्या निरीक्षणांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी ती 1947 मध्ये प्रसिद्ध केली होती. पुढे रानातल्या लांडग्यांचा वर्षानुवर्षं अभ्यास केलेल्या डेव्हिड मीच यांनी 1999 मध्ये स्पष्ट मांडलं, की नैसर्गिक कळप म्हणजे सहसा आई-बाप आणि त्यांची पिल्लं, म्हणजे एक कुटुंब असतं. आणि धाकदपटशाचं पुढे काय होतं? पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2009 मध्ये कुत्र्यांच्या मालकांची एक पाहणी प्रसिद्ध केली. कुत्र्याला मारून किंवा लाथ घालून पाहिलेल्यांपैकी 43 टक्क्यांनी कुत्रा उलट अंगावर आल्याचं सांगितलं. उताणं पाडून दाबून धरणाऱ्यांत हे प्रमाण 31 टक्के होतं, आणि नुसतं डोळे रोखून बघणाऱ्यांत 30. ज्या घरात लहान मूल आहे, तिथे हा धोका पत्करण्यात काहीही अर्थ नाही.

‘गुरगुरल्यावर हात काढून घेतला, तर गुरगुरून काम होतं हे तो शिकेल ना?’ हो, शिकेल. गुरगुरणं पुरतं, चावायची गरज नाही, हेच तो शिकेल. सध्या तुम्हाला तेच हवं आहे. त्याला गुरगुरावंच लागू नये यासाठी काय करायचं ते पुढे येतंच, पण त्याआधी डॉक्टर.

साडेपाच वर्षं हौसेनं लाड करून घेणारा कुत्रा दोन-तीन महिन्यांत बदलतो, तेव्हा पहिला संशय दुखण्याचाच घ्यायचा. त्यातून तुम्ही कमर, झोपेतून उठणं आणि सोफ्यावरून उतरणं या तिन्ही गोष्टी लिहिल्या आहेत. लॅब्रेडॉरमध्ये खुब्याच्या आणि कोपराच्या सांध्याचे आनुवंशिक दोष आणि त्यातून होणारी सांधेदुखी बरीच आढळते. झोपेत आखडलेला सांधा उठताना जास्त दुखतो, आणि उडी मारून उतरताना पायांवर झटका येतो. मणक्याचं दुखणं असू शकतं. गुदग्रंथी भरल्या असतील, तर शेपटीच्या आसपास हात लावू देणार नाही. कानाचा जंतुसंसर्गही या जातीत नेहमीचा, आणि गळपट्टा ओढला की त्या कानाला हिसका बसतो. याशिवाय दाताची मुळं, कातडीवरचे चट्टे, कानामागे नाहीतर बोटांच्या बेचक्यात रुतलेली गोचीड, थायरॉइडची कमतरता, कमी झालेली नजर किंवा ऐकू येणं. कमी ऐकू येणारा कुत्रा दचकून गुरगुरतो, कारण माणूस जवळ आलेलं त्याला कळतच नाही.

डॉक्टरांकडे जाताना ‘गुरगुरतो’ एवढंच सांगितलंत, तर त्यांच्या हाती फारसं काही लागत नाही. एका कागदावर कुत्र्याची बाजूने ढोबळ आकृती काढा, डावी आणि उजवी वेगवेगळी, आणि हात कुठे गेला की तो गुरगुरतो तिथे खूण करा. शेजारी वेळ लिहा: झोपेतून उठल्यावर, फिरून आल्यावर की संध्याकाळी. मग मोबाइलवर चित्रण करा. सपाट जागी चालताना बाजूने आणि मागून अर्धा-अर्धा मिनिट, झोपेतून उठून पहिली चार पावलं टाकताना, बसताना, आणि जिना चढताना. पूर्वीसारखा नीट न बसता एक पाय बाहेर टाकून बसतो का, सोफ्यावर उडी मारण्याआधी थबकतो का, शी करताना जागा बदलत राहतो का, एकच सांधा सारखा चाटतो का, हेही बघून ठेवा. फक्त एक करू नका: चित्रणासाठी म्हणून त्याला मुद्दाम हात लावून गुरगुरायला लावू नका.

दवाखान्यात घाबरलेले कुत्रे दुखणं लपवतात. घरी लंगडणारा कुत्रा तिथे चार पायांवर ताठ उभा राहतो. त्यामुळे वरवरच्या तपासणीत काही सापडलं नाही, म्हणजे काही नाहीच असं नसतं. तसं झालं तर क्ष-किरण तपासणीबद्दल विचारा, आणि काही आठवडे वेदनाशामक देऊन वागणुकीत फरक पडतो का हे बघता येईल का, तेही विचारा. ही पद्धत पशुवैद्य वापरतात आणि पुष्कळदा उत्तर तिथेच मिळतं. माणसांची औषधं मात्र स्वतःच्या मनाने अजिबात द्यायची नाहीत. आयबुप्रोफेनने कुत्र्याच्या जठरात व्रण होतात आणि मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. पॅरासिटामॉलचं प्रमाण चुकलं तर यकृतावर आणि रक्तावर परिणाम होतो. मागच्या आजारातल्या उरलेल्या गोळ्याही नकोत.

डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत ब्रुनोला गरजेशिवाय कुणीच हात लावायचा नाही. तो स्वतःहून येऊन अंग घासेल तेवढंच. त्याचं अंथरूण येण्याजाण्याच्या वाटेतून हलवून कोपऱ्यात न्या. झोपला असेल तर पाच-सहा फुटांवरून नावाने हाक मारा, तो डोकं वर करून तुमच्याकडे बघेपर्यंत थांबा आणि मगच जवळ जा. गुळगुळीत फरशीवर मागचे पाय घसरतात आणि दुखऱ्या सांध्याला ते फार जाचतं, म्हणून त्याच्या नेहमीच्या वाटेवर न सरकणाऱ्या सतरंज्या टाका. सोफ्यावरून उतरवायला गळपट्टा धरायचा नाही. जमिनीवर खाऊचा तुकडा टाका, तो उतरताना ‘खाली’ म्हणा, उतरल्यावर आणखी एक तुकडा द्या. काही दिवसांनी नुसत्या शब्दाने उतरेल.

आता मुलगी. कुत्र्याच्या गळ्यात पडणं आजपासून बंद. एरवी अगदी शांत असलेल्या कुत्र्यांनाही मिठी सहसा आवडत नाही. ते फक्त सहन करतात. शिवाय मुलाचा चेहरा नेमका दातांच्या पातळीवर येतो. तिला नुसतं ‘नाही’ म्हणू नका, करायला दुसरं काहीतरी द्या: दोन-तीन मीटरवर उभं राहून त्याच्यासाठी जमिनीवर खाऊ फेकायचा, नाहीतर खोलीत तुकडे लपवून त्याला शोधायला लावायचं. हे खेळ दोघांनाही आवडतात आणि त्यात हात लावावा लागत नाही. पण सात वर्षांचं मूल नियम विसरणारच, त्यात तिची चूक नाही. म्हणून दारात लहान मुलांसाठी मिळतं तसं फाटक बसवा. लक्ष ठेवणं म्हणजे मोठं माणूस हाताच्या अंतरावर आणि नजर दोघांवर. त्याच खोलीत बसून फोन बघणं यात येत नाही. तुम्ही अंघोळीला जात असाल, तर फाटक लावूनच जा.

गुरगुरण्याच्या आधी तो काय काय सांगतो, ते ओळखायला शिकणं हा या सगळ्यातला सगळ्यात उपयोगी भाग. पुढच्या वेळी कुणाचा हात त्याच्याकडे जाईल तेव्हा तोंडाकडे बघा. सैल उघडं असलेलं, धापा टाकणारं तोंड एकदम मिटतं. जिभेचं टोक नाकावरून झरकन फिरतं, समोर खायला काही नसतानाही. डोकं बाजूला वळतं, पण नजर हातावरच राहते आणि डोळ्याच्या कडेला पांढरी चंद्रकोर दिसते. अंगाचं वजन मागे जातं, कान मागे पडतात, झोप आलेली नसताना जांभई येते. मग क्षणभर सगळंच थिजतं. शेपूट, श्वास, डोळे, काहीच हलत नाही. या थिजण्याला लोक ‘शांत बसलाय’ म्हणतात आणि कुरवाळत राहतात. त्याच्या पुढची पायरी गुरगुरण्याची, किंवा गुरगुरणं आपणच बंद पाडलेलं असेल तर थेट दातांची. शेपूट हलतेय म्हणून खुशीत आहे, असंही समजू नका. ताठ, वर धरलेली आणि आखूड झटक्यांनी हलणारी शेपूट म्हणजे ताण. सैल शेपूट अख्ख्या मागच्या अंगाला घेऊन डुलते.

त्याला आत्ता हात हवा आहे की नको, हे विचारायची एक सोपी रीत आहे. त्याच्याकडे तोंड करून वाकू नका, थोडं बाजूला वळून बसा. तो जवळ आला तर छातीवर किंवा खांद्याच्या बाजूला दोन बोटांनी तीन सेकंद खाजवा आणि हात पूर्ण काढून घ्या. तो टेकला, नाकाने हात ढकलला, तर आणखी तीन सेकंद. नजर वळवली, अंग झाडलं, ओठ चाटले, उठून गेला, तर ते ‘नको’ आहे आणि त्या वेळेपुरतं प्रकरण संपलं. डोक्यावर वरून हात नेणं, पंजे, शेपूट आणि दुखरी कंबर यातून वगळा. आणि पाठीवर लोळून पोट दाखवणं म्हणजे नेहमी ‘खाजवा’ असं नसतं. अंग ताठ असेल, शेपूट पायांत असेल, तर तो ‘मला सोडा’ म्हणतोय.

वेदना आटोक्यात आल्या आणि तरीही हाताची धास्ती उरली, तर सवय बदलण्याचं काम सुरू करायचं. बहुतेक वेळा ती उरतेच, कारण दुखण्याची आठवण दुखण्यापेक्षा जास्त टिकते. एरवी मिळत नाही असा खाऊ घ्या, उदाहरणार्थ बिनमिठाचं उकडलेलं चिकन, वाटाण्याएवढे दहा तुकडे. डबा तुमच्या पाठीमागे ठेवा. दिवसातून दोनदा, दर वेळी दोन-तीन मिनिटं पुरतात. सुरुवात घरातल्या ज्या एका माणसाशी तो सगळ्यात सैल असतो त्याने करायची, आणि ज्या जागी तो कधीच गुरगुरत नाही तिथून, म्हणजे बहुधा खांद्यापासून.

पहिल्या दिवशी हात लावायचाच नाही. हात त्याच्या खांद्याच्या दिशेने न्या, एक फुटावर थांबवा, एक सेकंद जाऊ द्या, मग दुसऱ्या हाताने खाऊ द्या. पहिला हात मागे, की खाऊही बंद. दहा वेळा. हाच क्रम महत्त्वाचा आहे: आधी हात, मग खाऊ. बहुतेक लोक उलटं करतात. खाऊ तोंडासमोर धरतात आणि तो खाण्यात गुंतला की पटकन हात लावून घेतात. त्यातून कुत्रा शिकतो ते हे, की खाऊ आला म्हणजे आता काहीतरी नको ते होणार, आणि मग तो खाऊकडेही संशयाने बघायला लागतो. शिवाय खाऊच्या ओढीने तो एरवी आला नसता इतका जवळ येतो. खाऊ संपतो आणि त्याच्या लक्षात येतं, की अंगावर हात आहे. चावे अशा वेळी होतात.

हात येताना दिसला की तो आपणहून आनंदाने खाऊच्या हाताकडे बघायला लागेल. दहापैकी आठ वेळा असं झालं की एक पायरी पुढे जा. एक फूट, मग अर्धा फूट, मग एका बोटाचा एक सेकंद स्पर्श, मग दोन सेकंद, मग पूर्ण तळवा, मग तळवा चार बोटं मागे सरकवून. एका वेळी एकच गोष्ट बदला. जास्त वेळ हात ठेवायचा असेल तर जागा तीच ठेवा. नव्या जागी जायचं असेल तर वेळ पुन्हा एक सेकंदावर आणा. उभा असताना जमलं म्हणजे पडून असताना जमेलच असं नाही, तिथे पुन्हा थोडं मागून सुरू करावं लागतं. माणूस बदलला तर अगदी पहिल्या पायरीपासून. याला आठवडे लागतात, कधी महिने. कमरेपर्यंत पोहोचायची घाई करू नका.

मध्येच गुरगुरला तर पायरी मोठी झाली एवढाच त्याचा अर्थ. हात झटक्याने नको, सावकाश मागे घ्या, अर्धा मिनिट जाऊ द्या, दोन पायऱ्या खाली उतरा, एकदा सोपं करून घ्या आणि थांबा. एकाच बैठकीत दोनदा गुरगुरला तर त्या दिवशी बंद, आणि दुखणं पुन्हा उचललंय का ते बघा. खाऊ घेताना एरवी हळुवार घेणारा कुत्रा बोटांवर दात लावून ओरबाडायला लागला, तर तो खातोय पण ताणात आहे. फटाके, पाहुणे किंवा दवाखाना झालेल्या दिवशी सराव टाळा, कारण ताण साठत जातो आणि त्या दिवशी त्याची सहनशक्ती आधीच संपत आलेली असते. ‘एकदा घट्ट धरून ठेवू, आपोआप सवय होईल’ असा सल्ला कुणी दिला तर तो घेऊ नका. धरून ठेवलेला कुत्रा शेवटी थिजतो, त्याला सवय झालेली नसते.

कानात थेंब टाकणं, नखं कापणं, विंचरणं ही कामं टाळता येत नाहीत. त्यासाठी हनुवटी टेकवायला शिकवा. घडी केलेला टॉवेल गुडघ्यावर ठेवा, त्यावर त्याने हनुवटी ठेवली की खाऊ. आधी एक सेकंद, मग तीन, पाच, दहा. दहा सेकंद जमायला लागलं की दुसरा हात कानाकडे न्यायला सुरुवात करा, वरच्यासारखाच थोडा-थोडा. हनुवटी उचलली की हात लगेच मागे, दर वेळी, न चुकता. थांबवायची मुभा आपल्या हातात आहे हे कळल्यावर कुत्रे जास्त वेळ टिकतात, आणि ‘थांब’ म्हणायला दुसरा मार्ग मिळाल्याने गुरगुरायची गरज कमी होते. हे शिकेपर्यंत तातडीचे उपचार करावे लागलेच, तर चौघांनी दाबून धरण्यापेक्षा गुंगीचं औषध किंवा एकदा टाकल्यावर बरेच दिवस टिकणारं कानाचं औषध याबद्दल डॉक्टरांना विचारा. पंधरा दिवसांची मेहनत एका जबरदस्तीने वाया जाते.

दवाखान्यासाठी जाळीच्या मझलची, म्हणजे चावता येऊ नये म्हणून तोंडावर बसवायच्या मुसक्याची, सवय आत्तापासून लावा. कापडी, तोंड आवळून धरणारा नको. त्यात धापा टाकता येत नाहीत आणि अंग तापतं. जाळीच्या मझलमध्ये तोंड उघडतं, पाणी पिता येतं, खाऊ घेता येतो. आत खाऊ ठेवा, त्याला स्वतःहून नाक घालू द्या. पट्टा लावायची घाई नको, पहिले काही दिवस नुसतं नाक आत-बाहेर. आणि मझल लावलाय म्हणून एरवी नको असलेला हात लावून घेऊ नका.

त्याचं रेबीजचं लसीकरण वेळेवर झालंय का तेही बघून घ्या. कधी दात लागलाच, साधा ओरखडा असला तरी, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायची.

त्याने कातडी फोडली, नुसतं जवळ गेलं तरी गुरगुरायला लागला, न गुरगुरता थिजून झडप घालायला लागला, किंवा त्याचा रोख मुलीवर राहायला लागला, तर घरच्या घरी प्रयत्न पुरे. मुलीला आणि त्याला पूर्ण वेगळं ठेवा आणि तुमच्या पशुवैद्यांकडून वर्तनतज्ज्ञाचं नाव घ्या. प्रशिक्षक नेमणार असाल तर ठरवण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: ‘कुत्रा गुरगुरला तर तुम्ही काय करता?’ उत्तरात विजेचा पट्टा, गळा आवळणारी साखळी किंवा उताणं पाडणं आलं, तर ब्रुनोला त्याच्या हाती देऊ नका. ‘मी थांबतो आणि का गुरगुरला ते शोधतो’ असं म्हणणारा माणूस शोधा, आणि डॉक्टरांसाठी काढलेला तो खुणांचा कागद त्यालाही दाखवा.